तिचं हसणं आणि घरच्यांची धास्ती

बायपोलर म्हणजे माणसाचं मन कधी मेनियाच्या, म्हणजे बेफाम उत्साहाच्या आणि वेगाच्या टोकाला, तर कधी नैराश्यात नेणारा आजार. तो असलेल्या माणसाच्या घरची मंडळी मला पहिल्यांदा भेटायला येतात तेव्हा बहुतेक प्रश्न ठरलेले असतात. गोळ्या किती वर्षं, नोकरी झेपेल का, लग्नाचं काय. खरा प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, जरा चाचरत येतो. "मॅडम, ती हसताना दिसली ना, की आमच्या पोटात गोळा येतो. हा साधा आनंद आहे की पुन्हा सुरू होतंय, हे ओळखायचं कसं?"

आजार ज्याला आहे तोही हाच प्रश्न विचारतो, पण चिडून. "मी नुसती खूश असूच शकत नाही का?"

एका आई-मुलीने हे दोन प्रश्न मला एकाच आठवड्यात, वेगवेगळ्या भेटीत विचारले होते. दोघींच्या आणि मुलीच्या भावाच्या संमतीने त्यांच्याबद्दल लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी तिशीला आलेली, इमारतींचे नकाशे करणाऱ्या एका कार्यालयात काम करणारी. आजाराची सुरुवात बाविसाव्या वर्षी झाली आणि ती नैराश्याने झाली. अंघोळीला उठणंसुद्धा जमेना, तेव्हा नैराश्यावरची गोळी सुरू करण्यात आली. काही आठवड्यांत तरतरी आली. घरच्यांना वाटलं, गुण आला. पण ती तरतरी वाढतच गेली. रात्र रात्र जागून व्यवसायाचे आराखडे, नोकरीचा राजीनामा, मैत्रिणींकडून उसने पैसे, वरिष्ठांना पहाटे पाठवलेली लांबलचक पत्रं. कुणी टोकलं की अंगावर धावून जाणं. शेवटी शेवटी तर समोरच्याच्या मनातलं आपल्याला ऐकू येतं, अशी तिची खात्री झाली होती. रुग्णालयात दाखल करावं लागलं आणि तिथे निदान झालं, बायपोलर, पहिला प्रकार, म्हणजे ज्यात पूर्ण मेनिया येतो तो.

हा क्रम मला नेहमी दिसतो म्हणून इथे थोडी थांबते. बायपोलरचा पहिला झटका पुष्कळदा नैराश्याचा असतो, आणि वरवर पाहता ते नैराश्य इतर कुठल्याही नैराश्यासारखंच दिसतं. नैराश्यावरची गोळी एकटी दिली, सोबत मूड स्थिर ठेवणारं औषध नसलं, तर काही जणांमध्ये त्यातून मेनिया उसळतो. म्हणून नैराश्यासाठी डॉक्टरांकडे जाताना घरच्यांनी एक गोष्ट आपणहून सांगावी. याआधी कधी असे दिवस आले होते का, जेव्हा हा माणूस जेमतेम झोपत होता आणि तरी थकत नव्हता, नेहमीपेक्षा फार बोलत होता, भरमसाट योजना आखत होता? रुग्ण स्वतः हे सांगत नाही. लपवतो असं नव्हे. त्याच्या लेखी ते आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस असतात, ते आजारात का धरावेत? घरात आई-वडील किंवा भावंडं यांच्यापैकी कुणाला असा आजार असेल तर तेही सांगावं. या आजारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे.

रुग्णालयातून आल्यावर तिला लिथियम हे मूड स्थिर ठेवणारं औषध सुरू झालं आणि ते तिला चांगलं लागू पडलं. माझ्याकडे ती आली तेव्हा दोनेक वर्षं काही झालं नव्हतं. नोकरी पुन्हा लागली होती, उसने पैसे फिटले होते. मग आता अडचण काय?

अडचण घरात होती. आई तिच्याकडे गॅसवर ठेवलेल्या दुधाकडे बघावं तशी बघायची. कार्यालयात तिला मोठ्या प्रकल्पाची जबाबदारी मिळाली. ती धावत घरी आली, सगळं भराभरा सांगू लागली, आणि आईने पहिलं वाक्य उच्चारलं ते, "गोळी घेतलीस ना?" दादाने बोलणं मध्येच थांबवून विचारलं, "काल किती वाजता झोपलीस?" त्या रात्री मोठं भांडण झालं. भांडणात ती मोठ्याने बोलली, तर त्याच आवाजाचा पुरावा म्हणून उपयोग झाला. "बघ, बघ कशी बोलतेयस!"

"गोळी घेतलीस का?" हा प्रश्न त्या घरात कुठल्याही वादाचा शेवट करण्यासाठी वापरला जायचा. पंख्याच्या वेगावरून वाद असो की दादाच्या उशिरा येण्यावरून. एकदा हा प्रश्न आला की तिचं म्हणणं बरोबर होतं का, हा मुद्दाच उरायचा नाही. रात्री आई तिच्या दाराखालून उजेड दिसतो का ते उठून बघायची, आणि मुलीला ते ठाऊक होतं. माझ्यासमोर ती म्हणाली, "नाहीतरी सगळे मला वेडीच समजतात, मग गोळ्या घेऊन तरी काय मिळवलं? बंदच करते."

हे वाक्य मी फार गंभीरपणे घेते. अचानक लिथियम बंद केलं तर झटका परत येण्याचा धोका झपाट्याने वाढतो, विशेषतः मेनियाचा. बरं वाटतंय म्हणून, वजन वाढतंय म्हणून, हात थरथरतात म्हणून लोक गोळ्या सोडतात हे सगळ्यांना माहीत असतं. घरच्यांच्या पाळतीला कंटाळून सोडतात, हे फारसं कुणी बोलत नाही. मला तरी ते कारण कमी वेळा दिसत नाही.

आईला मी दोष देत नाही. तिने मुलीला पोलिसांच्या मदतीने रुग्णालयात नेलेलं होतं. असं काही पाहिलेली आई निवांत झोपेल, अशी अपेक्षा करणंच चूक. तिला "काळजी करू नका" म्हणण्यात अर्थ नव्हता. नेमकं कशाकडे बघायचं ते तिला कळायला हवं होतं.

म्हणून आम्ही मागे गेलो. मेनिया कसा सुरू झाला होता, याचा पुन्हा शोध घ्यायचा ठरवलं. आठवणींवर विसंबायचं नाही, कारण या काळाच्या आठवणी घरात प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. तिच्या फोनमध्ये त्या महिन्यांतले संदेश होते. कुणाला, किती वाजता, किती लांब. तिने आणि दादाने बसून ते तारखेवार कागदावर उतरवले. तिच्यासाठी हे सोपं नव्हतं. काही संदेश वाचताना ती उठून बाहेर गेली. पण जे चित्र निघालं त्याने तिघेही चक्रावले.

सुरुवातीच्या दिवसांत हसणं, आनंद, बडबड यांचा मागमूस नव्हता. सगळ्यात आधी झोप घटली होती. रात्री दीडचा संदेश, मग अडीचचा, मग पुन्हा पहाटे पाचचा, आणि सकाळी नऊला ती कार्यालयात हजर. थकल्याची एकही तक्रार नाही. त्यानंतर आली चिडचिड. सहकाऱ्यांना तुटक, टोचणारी उत्तरं. मग वर्षानुवर्षं संपर्क नसलेल्या माणसांना अचानक "कशी आहेस?" असे निरोप. खुशी, मोठमोठ्या योजना, घोषणा हे सगळं त्यानंतर, जवळजवळ दहा-बारा दिवसांनी. म्हणजे घरचे ज्या हसण्यावर डोळे लावून बसले होते, ते तिच्या बाबतीत फार उशिरा येणारं लक्षण होतं. आणि ज्याची सुरुवात खरोखर पकडता आली असती, ती चिडचिड, घरात "तिचा स्वभावच तसा" म्हणून सोडून दिली जात होती.

हे तिचं. दुसऱ्या कुणाचं वेगळं असेल. कुणी अचानक खूप धार्मिक होतो, कुणी खरेदी करत सुटतो, कुणाचं बोलणं एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारू लागतं. पण एकाच माणसाचे झटके पुष्कळदा एकाच वाटेने येतात, म्हणून जुन्या झटक्याचा असा अभ्यास केलेला फुकट जात नाही. झोप मात्र बहुतेकांच्या यादीत असते, आणि ती दोन्ही बाजूंनी काम करते. ती लक्षणही आहे आणि कारणही. सलग जागरणं, रात्रपाळी, लांबचा प्रवास, बाळंतपणानंतरचे दिवस यांत झोप मोडली की मेनियाला वाट मिळू शकते.

मग आनंद आणि मेनिया यांतला फरक? मी आईला जे सांगितलं ते असं. आनंद झालेला माणूस दमतो. एखादी रात्र उत्साहात झोप लागणार नाही, पण दुसऱ्या दिवशी तो जांभया देईल आणि लवकर आडवा होईल. मेनियाकडे जाणाऱ्याला झोपेची गरजच वाटत नाही. तीन-चार तास झोपून तो ताजातवाना उठतो, आणि हे एक दिवस नाही, रोज. निद्रानाशापेक्षाही हे निराळं आहे. निद्रानाश असलेला माणूस झोपेसाठी तळमळतो आणि सकाळी गळून गेलेला असतो.

आनंदाला बहुधा कारण असतं आणि तो त्या कारणाच्या मापाचा असतो. वाईट बातमी आली की तो ओसरतो, समोरच्याचा चेहरा उतरलेला दिसला की बोलणं थांबतं. खुशीत असलेला माणूस "उद्या बघू" म्हणू शकतो. मेनियात "उद्या" हा शब्दच सहन होत नाही. आत्ता, लगेच, आजच. आणि अडवलं की राग. एरवी मऊ बोलणाऱ्याचाही.

शास्त्रीय निकषांतही काळाला महत्त्व आहे. मेनिया म्हणण्यासाठी ही अवस्था किमान एक आठवडा, दिवसातला बहुतेक वेळ टिकलेली असावी लागते. रुग्णालयात दाखल करण्याइतकी तीव्र असेल तर ही अट नाही. त्याहून सौम्य हायपोमेनियासाठी किमान चार दिवस. याचा अर्थ असा नव्हे की घरच्यांनी चार दिवस मोजत बसावं. अर्थ एवढाच की एका संध्याकाळच्या हसण्यावरून काहीच ठरत नाही. आईला या वाक्याने सगळ्यात जास्त धीर आला असं मला वाटतं. एका संध्याकाळी निर्णय घ्यायचा नाहीये, हे कुणीतरी तिला सांगायला हवं होतं.

यानंतर आम्ही एक लेखी करार केला. ती पूर्ण बरी असताना, तिच्या अक्षरात. असे करार आमच्या कामात नेहमीचे आहेत, पण बरेचदा ते घरच्यांच्या अटींची यादी होऊन बसतात आणि आठवड्यात कपाटात जातात. इथे मी दोन्ही बाजू लिहून घेतल्या. रोज झोपेचे तास आणि मूडचा आकडा, उणे पाच ते अधिक पाच, ती एका वहीत लिहील. आठवड्याच्या गोळ्या खाने असलेल्या डबीत भरून स्वयंपाकघरात ठेवेल, म्हणजे रिकामा खाना दिसला की विचारायची गरज नाही. सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप आणि तरी थकवा नाही, असं झालं तर ती स्वतः मनोविकारतज्ज्ञांना फोन करेल. तिने नाही केला तर दादा करेल, तिला सांगून, पण तिची परवानगी न मागता. ठरावीक रकमेपुढच्या कुठल्याही खरेदीआधी दोन रात्री मध्ये जाऊ द्यायच्या. राजीनाम्यालाही तोच नियम. पैशांचं एक कार्ड दादाकडे.

आणि घरच्यांकडून? भांडणात गोळीचा उल्लेख करायचा नाही. रात्री दाराशी जायचं नाही. तिच्या बातमीवर आधी तिचं अभिनंदन करायचं, शंका दुसऱ्या दिवशी. शंका बोलायची ती फक्त दादाने, एकदाच, आणि तिने ठरवून दिलेल्या शब्दांत, "या आठवड्याची वही बघूया का?" आईला हे कलम टोचलं. "मी आई आहे आणि मीच बोलायचं नाही?" म्हणाली. मुलीने उत्तर दिलं ते मला पटलं. "तू बोललीस की मला तुझी भीती ऐकू येते, वही दिसत नाही."

औषधाबद्दल तिचे स्वतःचे राग होते, तेही बोलायला हवे होते. गोळ्या मी देत नाही, ते मनोविकारतज्ज्ञांचं काम. पण गोळीविषयीचं मन माझ्याकडे येतं. सारखी तहान लागते, रेषा काढताना हात हलतो, आणि दर काही महिन्यांनी रक्त द्यावं लागतं, त्यामुळे आपण कायमचे रुग्ण असल्यासारखं वाटतं, असं ती म्हणायची. मी तिला हे सगळं डॉक्टरांना सांगायला लावलं. हात हलण्यावर मात्रा किंवा वेळ बदलून उपाय होऊ शकतो. न सांगता गोळी अर्धी करणं हा उपाय नव्हे, आणि ते तिने एकदा करून पाहिलं होतं.

रक्त तपासणीचं कारण तिला आधी कुणी नीट सांगितलेलंच नव्हतं. लिथियम हा एक साधा क्षार आहे. 1949 साली जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी मेनियावरचा त्याचा परिणाम प्रसिद्ध केला, आणि आजही तो या आजारातल्या मुख्य औषधांपैकी एक आहे. आत्महत्येचा धोका कमी करण्याबद्दल तर त्याचा लौकिक फार मोठा. पण उपयोगी पातळी आणि घातक पातळी यांत अंतर थोडं आहे. दीर्घकाळ घेताना रक्तातली पातळी साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल प्रतिलिटर अशी ठेवतात, दीडच्या वर गेली की विषबाधेची भीती. म्हणून शेवटच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी रक्त घेतात, आणि मूत्रपिंड व थायरॉइडही तपासत राहतात. उलट्या-जुलाब झाले, अंगातलं पाणी कमी झालं, एकदम मीठ तोडलं किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी मनाने घेतली तर पातळी चढू शकते. हात जोरात थरथरणं, चालताना तोल जाणं, बोलणं अडखळणं, गुंगी ही लक्षणं दिसली तर तपासणीच्या तारखेची वाट बघायची नाही, तडक रुग्णालय गाठायचं. हे सगळं समजल्यावर रक्त देण्याचा तिचा राग थोडा निवळला. सगळा नाही.

तिचा एक प्रश्न मी अजून सांगितलेला नाही. "त्या दिवसांत मी जे नकाशे काढले ना, तसे पुन्हा जमत नाहीत." हा प्रश्न उडवून लावू नये. मेनियाच्या सुरुवातीची ती धार, तो वेग, आपण काहीही करू शकतो ही भावना, हे खरोखर हरवतं आणि त्याचं दुःख होतं. मी तिला ते जुने नकाशे घेऊन यायला सांगितलं. तिने ते आधी आपल्या एका विश्वासू सहकाऱ्याला दाखवले. त्यातली एक कल्पना खरोखर चांगली होती. बाकीचे अर्धे सोडलेले, आणि एकात जिनाच नव्हता. ती सांगताना हसत होती, आणि रडतही होती.

सहा-सात महिन्यांनी कराराची परीक्षा झाली. प्रकल्पाची मुदत जवळ आली, जागरणं सुरू झाली. वहीत झोप सहा तास, पाच, चार. मूडच्या रकान्यात अधिक दोन, आणि बाजूला तिनेच लिहिलं होतं, "सगळे फार हळू काम करतात." दादाने ठरलेलं वाक्य म्हटलं. ती भडकली. "झालं का सुरू तुमचं!" म्हणून दार आपटून आत गेली. दादा थांबला. दुसऱ्यांदा बोलला नाही. त्याच्यासारख्या माणसाला हे किती जड गेलं असेल याची मला कल्पना आहे. तासाभराने ती बाहेर आली, वही उघडली आणि डॉक्टरांना फोन लावला. औषधात तात्पुरता बदल झाला, कार्यालयातून चार दिवसांची रजा, रात्री दहानंतर फोन दादाकडे. आठवड्याभरात झोप सात तासांवर आली. तोपर्यंत एका सहकाऱ्याला तिखट पत्र गेलेलं होतंच. त्याची माफी तिने नंतर मागितली. आजाराचं नाव न सांगता मागायची की सांगून, यावर आम्ही बराच वेळ बोललो. तिने न सांगता मागितली.

वरच्या टोकाची धास्ती इतकी मोठी असते की खालचं टोक दुर्लक्षित राहतं, हे मी त्यांना वारंवार सांगते. बायपोलर असलेल्या माणसांचा आजारपणातला जास्त काळ मेनियात जात नाही, नैराश्यात जातो. नैराश्यात माणूस शांत असतो, कुणाला त्रास देत नाही, म्हणून घर सुटकेचा श्वास टाकतं. तिच्या आईनेही एकदा सांगितलं, "हल्ली बरी आहे, गप्प असते." वही काढली तर तीन आठवडे उणे दोन, उणे तीन. त्या भेटीत मी मुलीला सरळ विचारलं, मरावंसं वाटतं का. असं विचारल्याने माणसाच्या डोक्यात तो विचार शिरतो, हा समज चुकीचा आहे. विचारल्याने बोलायला जागा होते. तिने सांगितलं, "वाटतं कधीकधी, पण करणार नाही." आम्ही त्याच दिवशी डॉक्टरांशी बोललो आणि गोळ्यांचा साठा काही काळ दादाकडे ठेवला. लिथियम जास्त घेतलं तर जिवावर बेतू शकतं.

इथे एक स्पष्ट सांगते. माणूस मरण्याबद्दल बोलत असेल, कित्येक रात्री झोपलाच नसेल, नसलेले आवाज ऐकत असेल किंवा स्वतःला, दुसऱ्याला इजा होईल असं वागत असेल, तर करार, वही, ठरलेलं वाक्य हे सगळं बाजूला ठेवायचं आणि सरळ रुग्णालयात न्यायचं. अस्वस्थ वेग आणि निराशा एकाच वेळी दिसत असतील तर जास्तच सावध. या मिश्र अवस्थेत निराशेला कृतीचं बळ मिळतं.

आता ती लग्नाचा विचार करते आहे. तिचा प्रश्न होता, मूल होऊ द्यावं का. आई किंवा वडील यांपैकी एकाला बायपोलर असेल तर मुलात तो येण्याची शक्यता साधारण दहा टक्क्यांच्या आसपास धरतात. सर्वसाधारण लोकांपेक्षा ती बरीच जास्त, तरी अशी बहुसंख्य मुलं या आजारातून सुटतात. गर्भधारणा आधी ठरवून, डॉक्टरांशी बोलून करावी. मूड स्थिर ठेवणाऱ्या व्हॅल्प्रोएटसारख्या काही औषधांनी गर्भात गंभीर व्यंग येऊ शकतं, आणि दिवस राहिल्याचं कळल्यावर घाबरून सगळंच बंद करणं आईसाठी धोक्याचं असतं. होणाऱ्या नवऱ्याला तिने आजाराबद्दल सांगितलं आहे. मी त्याला भेटले. त्याचाही पहिला प्रश्न तोच, ती खूप खूश असेल तेव्हा मी काय करायचं? या वेळी उत्तर तिनेच दिलं. "आधी माझ्याबरोबर खूश हो. मग सकाळी विचार, झोप कशी झाली."

करार मागच्या महिन्यात नव्याने लिहिला. "वही बघूया का" म्हणण्याचा अधिकार दादाकडून होणाऱ्या नवऱ्याकडे जाणार आहे, आणि दादाला ते थोडं लागलंय. दाराशी न जाण्याचं कलम आईने आपणहून कायम ठेवलं, जरी ते ती अधूनमधून मोडते. पैशांचं कार्ड परत मिळावं, असं मुलीचं म्हणणं. दादा म्हणतो, अजून वर्षभर थांब. त्या कलमावर एकमत झालेलं नाही. पुढच्या भेटीत तेवढाच विषय ठेवला आहे.